उंच दाराचा तंबू

गावंडेबाईंच्या कात्रीला कोणी हात लावलेला त्यांना खपत नसे. अमरावतीच्या आमच्या मुलींच्या शाळेत त्या शिवण शिकवायच्या. वर्गात मुलींसाठी वेगळ्या कात्र्या होत्या, पण बाईंची काळ्या मुठीची लांब कात्री कायम त्यांच्या टेबलाच्या खणात असायची. ऑफिसातून कोणी कागद कापायला ती मागायला आलं की बाई मान वर न करता म्हणायच्या, "कागदानं धार मरते, बाप्पा. दातानं फाडा."

मी त्या शाळेत विज्ञान शिकवायला लागले तेव्हा बाई पन्नाशीच्या जवळ आल्या होत्या. उंच, हडकुळ्या, गळ्यात पिवळी माप-टेप. ती टेप गळ्यात घालूनच त्या बाजारात जायच्या, बँकेत जायच्या, एकदा तर कोणाच्या तेराव्यालाही तशाच आल्या होत्या. कोणी लक्षात आणून दिलं तर काढायच्या नाहीत. "राहू दे. कुठी काय मोजा लागन, सांगता येते का?"

मुलींना त्या कधी मारत नसत आणि फारसं शाबासही म्हणत नसत. एखादीची शिवण वाकडी गेली की तिच्या हातात ब्लेड द्यायच्या. "उसव. उसवता येते म्हणून तं ते शिवण. लाजाचं काय त्यात?" मुलगी रडवेली झाली तर शेजारी बसून दुसऱ्या बाजूनं स्वतः उसवायला लागायच्या. त्यांच्या हाताखालून शिकून गेलेल्या मुली आज अमरावतीत बुटिक चालवतात, आणि सगळ्यांच्या तोंडी ते एकच वाक्य आहे.

एकदा ऑगस्टात दुपारनंतर खंडग्रास ग्रहण होतं. शाळा लवकर सोडून दिली. शिक्षकखोलीत डबे तसेच बंद राहिले. ग्रहणात खायचं नाही हे न बोलता सगळ्यांनी ठरवलेलं. मी पुठ्ठ्याला भोक पाडून सूर्याची आकृती भिंतीवर दाखवायचा प्रयत्न करत होते, पण आभाळ दाटलेलं आणि बघायला कोणीच नाही. पुठ्ठा घेऊन परत निघाले तर शिवणवर्गाचं दार सताड उघडं. गावंडेबाई एका हाताने भाकरीचा घास घेत होत्या आणि दुसऱ्या हाताने ब्लाऊजचं कापड सारखं करत होत्या. घास संपला की कात्री चालवायच्या. खच्‌ खच्‌ असा आवाज रिकाम्या व्हरांड्यात ऐकू येत होता.

"ग्रहणात कापताय, बाई?" मी सहज विचारलं.

"ग्रहणातच कापतो मी. दरवेळेस. काही ना काही ठेवून देतो कापाचं." मग माझ्या हातातल्या पुठ्ठ्याकडे बघून म्हणाल्या, "दिसलं का?"

"नाही. पण पुढच्या जुलैत खग्रास आहे. त्याची खरी मजा."

"खग्रास म्हणजे पुरा?"

"पुरा. भरदिवसा अंधार होतो. पाखरं घरट्यात जातात. आपल्या अमरावतीत नाही, इथं थोडा सूर्य उरेल. त्यासाठी वर जावं लागेल, खंडव्याच्या पुढे, नर्मदेकडे."

बाईंनी कात्री टेबलावर ठेवली. म्हणाल्या, "मंग जाऊ."

मला वाटलं होतं, बोलण्यातलं बोलणं. पण दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्यांनी मला आणि रझिया शेखला शिवणवर्गात बोलावलं. रझिया हिंदी शिकवायची. तिचे मामू सनावदच्या बाजूला शेती करत, आणि ते गाव बरोबर ग्रहणाच्या पट्ट्यात येत होतं, हे बाईंनी रात्रीतून कुठून तरी काढलं होतं. रझिया म्हणाली, मामूंचं घर मोठं आहे, आपण तिघी आरामात राहू.

"घरात नाई," बाई म्हणाल्या. "वावरात. तंबू टाकून."

"जुलै में? बाई, चिखल असतो गुडघ्याएवढा."

"असू दे. छताखालून पाहाचं असतं तं अमरावतीत काय वाईट होतं?"

तंबू विकत आणायचा नाही, शिवायचा, हेही त्यांनीच ठरवलं. दिवाळीनंतर ताडपत्री आली, जाड कॅनव्हास आलं, आणि फेब्रुवारीत एका शनिवारी शाळा सुटल्यावर त्यांनी आम्हाला वर्गाच्या फरशीवर आडवं व्हायला सांगितलं. आम्ही झोपलो. बाईंनी खडूने आमच्या भोवती रेघ ओढली, रझियाची, माझी, मग माझ्या हातात खडू देऊन स्वतः झोपल्या आणि म्हणाल्या, "आता माही काढ." तेवढ्यात मुख्याध्यापिका दारात आल्या. तीन शिक्षिका फरशीवर, भोवती पांढऱ्या रेघा. त्या काही बोलायच्या आत बाई झोपल्याझोपल्याच म्हणाल्या, "माप घेऊन राह्यलो मॅडम. तुमाले यायचं असन तं तुमी बी आडव्या व्हा." मुख्याध्यापिका हसत निघून गेल्या. रझिया बराच वेळ उठूच शकली नाही, इतकी हसत होती.

मग मी पाहिलं की बाई चौथी आकृती काढत होत्या. तिथं कोणीच झोपलेलं नव्हतं. अंदाजाने, आठवून आठवून काढत होत्या, आणि पोटाच्या जागी रेघ बाहेर काढून गोल केली.

"ही कोन?" रझियाने विचारलं.

"सुनीता. माही पोरगी. आता दुसरा आहे तिले, जुलैत सातवा असन."

सुनीताबद्दल मला थोडंच माहीत होतं. ती अकोल्याला एसटीत कंडक्टर होती. एकदा अकोला-मूर्तिजापूर गाडीत मला भेटली होती, बाईंची मुलगी हे मला नंतर कळलं. बाईंसारखीच उंच. वरच्या ओठावर नाकापर्यंत गेलेली शिवलेल्या जखमेची खूण, आणि आवाज किंचित नाकातून. मागच्या बाकावरच्या कॉलेजच्या पोरांनी तिच्या आवाजाची नक्कल केली तेव्हा ती तिकिटं फाडत फाडत तिथपर्यंत गेली आणि म्हणाली, "आणखी एकडाव करून दाखव. ड्रायव्हरले बी आयकू दे." पोरं खिडकीबाहेर बघायला लागली. गाडी बोरगावच्या पुढं जाईपर्यंत कोणी तोंड उघडलं नाही.

तंबू दोन होते. आमच्या दोघींचा साधा, वाकून आत शिरायचा. दुसरा बाईंचा आणि सुनीताचा. त्याचं दार बाईंनी उंच ठेवलं, माणूस उभं राहून आत जाईल एवढं. त्यामुळे मधला बांबू लांब लागला, ताण वेगळा पडला, एक बाजू दोनदा फाटली. मी म्हटलं, बाई, एवढं उंच दार कशाला, वारं शिरेल. त्या म्हणाल्या, "पोटुशी बाई वाकून काहून जाईन?" आणि फाटलेली बाजू उसवायला घेतली.

होळीच्या आसपासची गोष्ट. ताडपत्रीला मशीन चालत नव्हतं म्हणून बाई दाभणाने टाके घालत होत्या, मी दोऱ्याला मेण लावून देत होते. रझिया त्या दिवशी आलेली नव्हती. मी विचारलं, "बाई, तुम्हाला एवढं काय आहे ग्रहणाचं?"

त्यांनी टाका पुरा ओढून घेतला.

"ऐंशी साली झालं होतं एक. मोठं. तुले आठवत नसन, तू लहान होती. रस्ते ओस पडले होते, लोक म्हणे सूर्य पडते खाली. आमचं घर दर्यापूरच्या बाजूनं, वावर, माणसं, सगळं. मले सातवा होता. सासूनं खोलीच्या खिडकीत पोते कोंबले, दाराले कांबळ लावलं अन् मले मधात उताणी झोपवलं. पाय दुमडाचे नाई, अंग खाजवाचं नाई, बोटं मोडाचे नाई. काही कापनं तं लांबचीच गोष्ट. मी पडली. जशी सांगतली तशी पडली, लाकडासारखी. अंधार गच्च. अन् एक माशी आली."

दाभण ताडपत्रीत तसंच.

"नाकावर बसली. मी फुंकर मारली, गेली. परत बसली. ओठावर. मी हात उचलला अन् उडवली. एवढंच केलं मी. दोन महिन्यांनं सुनीता झाली, ओठ फाटलेली. सासू म्हणे, काय केलं तू आतमधी? खरं सांग. मी खरं सांगतलं. माशी उडवली म्हटलं."

"मग?"

"मंग काय? घरात, गल्लीत, सोयऱ्याधायऱ्यात, सगळ्याईले समजलं, विमलनं माशी उडवली. पोरीले दूध ओढता येत नोहतं. मी चमच्यानं पाजो अन् सासू बाजूनं बसून म्हणे, एक घंटा हात आवरला नाई तुह्यानं. तिचं सोड. मलेच वाटे. राती उठून मी हा हात पाहो."

मी विज्ञानाची शिक्षिका. माझ्याच्यानं राहवलं नाही. "पण बाई, बाळाचा ओठ दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यातच जुळतो. तुम्हाला सातवा होता. त्या ग्रहणाचा आणि त्याचा काही संबंधच—"

"माहीत आहे," त्या शांतपणे म्हणाल्या. "नागपूरच्या डॉक्टरनं सांगतलं मले, सुनीताचं ऑपरेशन केलं तवा. तिसरं लागलं होतं तिले. माशीचं आयकून हासला बिचारा. चांगला मानूस होता, पन हासला. मले हासू नाई आलं. तीन वर्सं मी एका माशीसंगं भांडून राह्यली होती."

ऑपरेशननंतर बाई दर्यापूरकडे कायमच्या परत गेल्या नाहीत. नागपूरला शिवणाचा कोर्स केला, अमरावतीत नोकरी धरली, मुलीला इथंच वाढवलं. गावंडेकाका शेतीवर राहिले. महिन्या-दोन महिन्यांनी तुरीची पिशवी घेऊन यायचे, दोन दिवस राहायचे. बाई त्यांच्याबद्दल कधी वाईट बोलल्या नाहीत. "चूप मानूस. चूप माणसासंगं भांडताच येत नाई," एवढंच म्हणायच्या. ते गेले तेव्हा बाई दर्यापूरला जाऊन सगळं करून आल्या, आणि अंथरुणाला खिळलेल्या सासूला अमरावतीला घेऊन आल्या. शेवटची दोन वर्षं सासूचं सगळं बाईंनीच केलं. हे मला रझियाने सांगितलं. बाईंना विचारलं तर म्हणाल्या, "मंग कोन करन?"

जूनमध्ये पहिला पाऊस पडायच्या आधी एका रविवारी तंबूची परीक्षा झाली. शाळेच्या मैदानात उंच दाराचा तंबू उभा केला, बाई आत जाऊन बसल्या आणि आम्ही वरून बादल्यांनी पाणी ओतलं. आतून आवाज येत होता, "इथी गळते. इथी बी. ओता आणखी." बाहेर आल्या तेव्हा खांद्यापर्यंत भिजलेल्या. रात्रभर जागून त्यांनी ती शिवण पुन्हा घातली असणार, कारण सोमवारी ओतलेल्या बादल्यांतला एक थेंब आत गेला नाही.

ठरलं असं होतं की आम्ही तिघींनी अमरावतीहून अकोल्याला जायचं, सुनीताच्या घरी जेवायचं, आणि तिथून चौघींनी छोट्या लाइनीच्या गाडीने, आकोट-धुळघाटावरून खंडव्याकडे निघायचं. तेव्हा ती मीटरगेज चालू होती. सुनीता हो म्हणाली होती. डॉक्टरांनाही विचारलं होतं. तंबूत तिच्यासाठी गादी, उश्या, पाण्याचा वेगळा कॅन, सगळ्याची सोय बाईंनी केलेली.

अकोल्याला सुनीताच्या घरी पोचलो तर तिची पिशवी भरलेली नव्हती. तिच्या सासूबाईंनी आमचं अगत्याने केलं, चहा दिला, पोहे केले, आणि मग त्या आत निघून गेल्या. भांडखोर बाई नव्हती ती. आम्हाला वाटलं, त्यांनीच अडवलं असेल. रझिया हळूच म्हणाली, "बाई, मी बोलू का त्यांच्याशी?"

"कोनी बोलाची गरज नाई," सुनीता म्हणाली. ती पलंगाच्या कडेला बसली होती, दोन्ही हात मागे टेकून. "त्याईनं नाई अडवलं. मीच नाई येत, आई."

बाईंनी हातातली कपबशी खाली ठेवली.

"मले माहीत आहे सगळं. ओठ कवा जुळते ते बी माहीत आहे. तू मले लहानपणापासून सांगतलं. पन मले भेव वाटते."

"कायचं भेव?" बाईंचा आवाज जरा चढला. "वरीसभर मी तंबू शिवून राह्यली. सगळं खोटं आहे हे तुले माहीत, तरी भेव?"

"हो. तरी." सुनीता आईकडे बघत होती. "हे पाय, पोराले काही झालं, काहीही, कोनाले बी होते तसं, तं मले बी एक माशी सापडन. मी शोधीनच. म्हणीन, तिकडं गेली म्हणून झालं. तुले तीन वर्सं लागले, मले किती लागतीन काय माहीत. मले ते नाई पायजे, आई."

बाहेर ऑटोवाला हॉर्न वाजवत होता, आमच्यासाठीच थांबलेला. मला वाटलं, बाई आता समजावतील, रागावतील, निदान रडतील. त्यांनी गळ्यातली टेप काढली, गुंडाळली आणि पलंगावर ठेवली. मग माझ्याकडे वळल्या.

"तुमी दोघी निघा. गाडी निंघून जाईन."

"आणि तुम्ही?"

"मी राह्यतो हिच्यापाशी."

आम्ही दोन्ही तंबू घेऊन निघालो. उंच दाराचा इथंच ठेवू म्हटलं, तर बाई म्हणाल्या, "न्या. भिजू द्या त्याले. शिवला कायले मंग?"

सनावदजवळच्या त्या वावरात पोचलो तेव्हा पाऊस थांबून थांबून पडत होता. मामूंच्या घरचे लोक आम्हाला वेड्या समजत होते, पण तंबू ठोकायला आले. उंच दाराच्या तंबूत रझिया आणि मी दोघीही झोपलो, कारण तोच कोरडा राहिला. पहाटे उठून बांधावर उभ्या राहिलो. पूर्वेला ढगच ढग. सूर्य उगवला असावा, एवढाच उजेड. आम्ही काळ्या काचा हातात धरून उभ्या होतो, त्या डोळ्यांना लावायची वेळच आली नाही.

आणि तरी ते आलं. पश्चिमेकडून ढगांचा रंग बदलत आला, शाईचा डाग पसरावा तसा, आणि बघता बघता वावर, बांध, रझियाचा चेहरा, सगळं दिसेनासं झालं. बाभळीवर बगळे येऊन बसले. गावात कुत्री भुंकायला लागली, कोणीतरी थाळी वाजवू लागलं. रझिया पुटपुटत दुआ म्हणत होती. मला भीती वाटली नाही, पण मनात एकच विचार होता, ज्या बाईनं हे सगळं मांडलं ती इथं नाही. मग एका कडेने उजेड परत आला. बगळे उडाले. साधी पावसाळी सकाळ झाली.

मी फोन लावला. "बाई, सूर्य नाही दिसला. ढग होते. पण अंधार पडला, पुरा अंधार."

"पडला का?" बाई म्हणाल्या. "तंबू गळला का?"

"नाही."

"मंग झालं."

त्या सकाळी अकोल्यात काय झालं ते सुनीताने मला कितीतरी महिन्यांनी सांगितलं. सासूबाईंनी खिडक्या लावून घेतल्या, पडदे ओढले. सुनीता पलंगावर सरळ झोपली. बाई खाली सतरंजीवर तशाच सरळ झोपल्या, हात अंगालगत ठेवून. सुनीता म्हणाली, आई, तू काहून पडली? तू बाहेर जाय, पाहून घे जेवढं दिसन तेवढं. बाई म्हणाल्या, मी आहे इथी. दोघी न बोलता पडून राहिल्या. आणि ग्रहण भरात असतानाच सुनीताच्या पिंढरीत गोळा आला. गरोदरपणात येतो तसा, जीव जाईल असा. तिने दात आवळले, चादर मुठीत धरली, पण पाय हलवला नाही. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

बाई उठल्या. त्यांनी सुनीताचा पाय दोन्ही हातांनी धरला, गुडघ्यात दुमडला, तळवा छातीशी लावून दाबून धरला आणि म्हणाल्या, "हा पाय मी दुमडला. तू नाई दुमडला. ध्यानात ठेवजो. काही झालं तं माह्यावर टाकजो."

"मी म्हटलं, आई, सोड," सुनीता सांगत होती. "तिनं सोडलाच नाई. गोळा उतरला तरी धरून बसली."

ऑक्टोबरमध्ये सुनीताला मुलगी झाली. नीट, धडधाकट, जावळ भरपूर. मी पेढे खाताना बाईंना म्हटलं, बघा, पाय दुमडला तरी काही झालं नाही. मला वाटलं, त्या खूश होतील. त्या माझ्याकडे जरा कठोरपणे बघत म्हणाल्या, "असं नोको म्हणू, वंदना. पोरगी चांगली झाली म्हणून काही सिद्ध झालं नाई. वाईट झालं असतं तरी काही सिद्ध झालं नसतं. ते तुले शिकवता आलं पायजे पोरीईले." विज्ञानाच्या तासाला मी आजही हे वाक्य वापरते, त्यांचं नाव घेऊन.

निवृत्त झाल्यावर बाई अकोल्याला सुनीताकडे राहायला गेल्या. सुनीताच्या सासूबाईंशी त्यांचं असं काही जमलं की दोघी विहिणी संध्याकाळी टीव्हीवरच्या मालिकेतल्या सासवांना नावं ठेवत बसायच्या. ग्रहणाचं वेड मात्र सुटलं नाही. मी भेटायला गेले की पहिला प्रश्न, "आता पुढचं खग्रास कवा?" भारतात पुढचं चौतीस साली, मार्चमध्ये, काश्मीर-लडाखकडे, असं मी सांगितलं तेव्हा त्यांनी बोटांवर हिशोब केला.

"तेव्हा तुम्ही पंचाहत्तरीला असाल," मी म्हटलं.

"मंग? सूर्य वय पाहून दिसते काय?"

"तिथं बर्फ असतो मार्चमध्ये."

"म्हणून तं आतापासून सवय करा लागन."

आणि त्यांनी खरोखर सवय सुरू केली. जिना चढणं-उतरणं वाढवलं. पलंग सोडून खाली झोपू लागल्या. कॅनव्हासच्या आत घोंगडी शिवून नवा तंबू केला. दर डिसेंबरमध्ये, आमच्याकडची थंडी जिथं खरी पडते त्या चिखलदऱ्याला जाऊन एक रात्र त्या तंबूत काढायची असा नेम ठेवला. सुनीता रजा काढून बरोबर जायची. पहिल्या वर्षी सर्दी घेऊन परतल्या, दुसऱ्या वर्षी मोजे दुप्पट नेले. रझिया एकदा गेली होती, म्हणाली, "बाई रात्रभर विचारत होत्या, थंडी लागते का? मी हो म्हटलं की खूश व्हायच्या."

गेल्या पावसाळ्यात बाई गेल्या. दुपारी जेवून लवंडल्या, त्या उठल्या नाहीत. सुनीताचा फोन आला तेव्हा मी परीक्षेच्या खोलीत होते. तिने रडू आवरून सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाली, "ताई, चौतीसले मी जानार आहे. पोरगी म्हणते मी बी येतो. तुमी येसान का?" मी हो म्हटलं. खरंच जाऊ की नाही, मला माहीत नाही. तोवर माझेही गुडघे काय म्हणतील कोण जाणे.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याआधीच्या डिसेंबरात, चिखलदऱ्याला. त्या वर्षी मीही गेले होते. सकाळी तंबूतून बाहेर आले तर गवतावर दव गोठल्यासारखं पांढरं, आणि बाई दरीच्या तोंडाशी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेल्या. डोक्याला माकडटोपी, अंगावर सुनीताचा एसटीचा खाकी स्वेटर, आणि चष्म्यावर ग्रहण पाहायचा कागदी गॉगल. मी तो त्यांच्यासाठी त्याच वेळी नेला होता. चष्म्यावर बसतो की नाही हे बघायला त्यांनी सूर्य उगवायची वाट पाहिली होती.

सुनीता मागे स्टोव्हवर चहा ठेवत होती. सूर्य डोंगराच्या वर आला होता, रोजचा, साधा. बाई हलत नव्हत्या. आयुष्यात त्यांनी सूर्याकडे असं सरळ कधी पाहिलं नसणार. कोण पाहतं?

"काय दिसते, आई?" सुनीताने विचारलं.

गॉगल एका हाताने धरून ठेवलेला, दुसरा हात मांडीवर उघडा.

"पुरा आहे," त्या म्हणाल्या. "इकडं ये. पाहून घे."

सुनीता स्टोव्ह बारीक करून उठली. बाईंनी गॉगल काढून मुलीच्या डोळ्यांना लावला, कानामागे नीट बसवला, हनुवटीला धरून तिचा चेहरा सूर्याकडे वळवला, आणि तो हात तिथंच राहू दिला.